पळसाच्या पानांचा पणजोबा

१७ सप्टेंबर १९५७, मंगळवार, सकाळी सव्वानऊ. भाद्रपदातली अविधवा नवमी. सिंदी रेल्वे स्टेशनापासून बैलगाडीने तासाभरावर असलेल्या आमच्या मूळ गावी, वडिलांच्या चुलत-चुलतभावाच्या, म्हणजे काकांच्या ओसरीवर, मी चौथे ताट मांडले. तीन आधीच मांडलेली होती. नवऱ्याच्या आधी मरण आलेल्या घराण्यातल्या तीन बायकांची ती ताटे. प्रत्येकीच्या नावाने एक जिवंत सवाष्ण जेवू घालायची, तिला हिरव्या बांगड्या द्यायच्या, आणि घरच्या कर्त्या पुरुषाने तिचे पाय धुऊन नमस्कार करायचा, असा आमच्याकडचा नेम. चौथे ताट माझ्या पणजीचे होते. ती या घरात विधवा म्हणून मेली होती. ते खोटे आहे हे मला सर्वांसमोर सिद्ध करायचे होते. न्यायासाठी, असे मी तेव्हा लोकांना सांगत असे. मला सूड हवा होता.

पणजोबा दोन भावांतले थोरले. १८८४ साली ते सिंदीच्या बाजाराला गेले आणि परतले नाहीत. मजूर भरणाऱ्या दलालाने त्यांना समुद्रापलीकडे, उसाच्या मळ्यांवर नेले, असे पणजी सांगत राहिली. तिचे कोणी ऐकले नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची असते. मृत्यूची खबर आली तर मात्र थांबावे लागत नाही. धाकट्या भावाला चौथ्याच वर्षी तशी खबर मिळाली : नागपुरात पटकीने गेले. प्रेत नसल्यामुळे पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळण्यात आला. त्याच दुपारी पणजीच्या बांगड्या फोडल्या, आणि तिला व तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, गोठ्यालगतच्या खोलीत हलवले. जमीन धाकट्याकडे गेली. काका त्या धाकट्याचे नातू. माझे वडील सिंदीच्या जिनिंगमध्ये कापूस तोलत, आणि सणावारी काकांच्या पंगतीत शेवटी, सरकीच्या पोत्यांजवळ बसत.

आदल्या वर्षीच्या नवमीपर्यंत मला हे सारे जुने आणि निरुपयोगी वाटत होते. मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि परदेशी संशोधनासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. भर पंगतीत काका म्हणाले, "समुद्रापार जाऊन राह्यली म्हंते. जाऊ द्या. त्या घरचे लोक जातेत, अन् मांगच्यांले जाळाले लावतेत." सगळे हसले. पोत्यांजवळ बसलेले वडीलही हसले, थोडेसे, यजमानाचा मान राखण्यापुरते. काकांचे वाक्य एखादे वेळी मी विसरले असते. ते हसणे विसरणे शक्य नव्हते.

मी कामाला लागले. अनोळखी पदार्थ ओळखायचा तर त्याचे एकमेकांवर अवलंबून नसलेले गुणधर्म जुळावे लागतात. माणसालाही तीच कसोटी लावायची असे ठरवले. पणजीचा मृत्यू १९०० सालच्या दुष्काळातला. कोतवालाकडच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत तो सापडला. आमच्या गावच्या जुन्या शिरगणतीकडून मला फार आशा होती. तिच्यात माणसांचे आकडे मिळाले, नावे नाहीत. मग कलकत्त्याच्या दप्तरखान्याला लिहिले, आणि तिथून समजलेल्या बेटाच्या दप्तरखान्याला. उत्तरे यायला आठ महिने लागले.

कलकत्त्याहून आलेली नक्कल पणजोबांना मजूर म्हणून जहाजावर चढवणाऱ्या परवान्याची होती. गाव आमचे, त्यांच्या वडिलांचे नाव बरोबर, वय चोवीस, डाव्या भुवईवर जुना व्रण. जवळचा नातेवाईक या रकान्यात धाकट्या भावाचे नाव. गावी चौकशी झाली असून त्या भावाची हरकत नाही, असा खाली शेरा. म्हणजे भाऊ कुठे निघाला आहे हे धाकट्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. बायकोचा उल्लेख कुठेही नव्हता. त्या रिकाम्या जागेपासून पणजोबांशी माझा वेगळा हिशेब सुरू झाला. बेटावरून दोन उतारे आले. एक मळ्याच्या शिरगणतीचा, १८९१ सालचा : पुतळा जाळून तीन वर्षे झाल्यावर पणजोबा तिथे हजर होते, आणि त्यांच्या नावाखाली आणखी एका बाईचे नाव होते. दुसरा मृत्यूचा. तो मी वेगळ्या पाकिटात ठेवला.

"काऊन वं बाई," काका म्हणाले, "हे चवथं ताट कोणाले वाढून राह्यली?"

"पणजीला."

"आज सवाष्णींची नवमी हाय. रांडवेचं ताट नाई मांडत आज. कालेजात हे नाई शिकवत वाट्टे?"

भाऊबंद हसले. वडिलांनी मान खाली घातली.

"ती विधवा केव्हा झाली, काका?"

"आमच्या आज्यानं भावाले अग्नी देल्ला तवा. साऱ्या गावानं पाह्यलं."

"पणजोबांच्या अंगावर काही खूण होती का हो?" मी विचारले. कागद दाखवण्याआधी विरुद्ध पक्षाकडूनच खूण वदवून घ्यायची, हे मी गाडीत ठरवले होते.

"होती नं! पोळ्याच्या दिवशी बैलानं शिंग मारलं होतं, डाव्या भुवईवर. आमचा आजा सांगे." काका पंगतीकडे वळले. "हिले का मालूम? ह्या गोष्टी आमच्याच घरात राह्यल्या."

मी परवान्याची नक्कल त्यांच्या जावयांच्या हातात दिली. जावई हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांच्या वाचण्यावर काकांना शंका घेता येणार नव्हती. त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. भुवईच्या व्रणापाशी ते अडखळले आणि सासऱ्यांकडे पाहू लागले. "वाचा," मी म्हणाले. त्यांनी धाकट्या भावाचे नाव वाचले, खालचा शेरा वाचला, मग शिरगणतीचा उतारा, अगदी त्या दुसऱ्या बाईच्या नावासह. ते नाव मी लपवले नव्हते. शेवटी मी दुसरे पाकीट उघडले आणि मृत्यूच्या उताऱ्यावरचे साल तेवढे, दिवस-महिना हाताखाली झाकून, दाखवले. १९११.

काकांनी नवमीच्या विधीसाठी आलेल्या भटजींकडे पाहिले.

भटजी म्हणाले, "जिवंतपणी क्रिया झाली असेल, तर खरी क्रिया अजून व्हायचीच आहे. ज्यांनी केली, त्यांच्या वंशाला त्याचे पाप लागते."

परवान्याने जे झाले नव्हते ते या वाक्याने झाले. काकांचा चेहरा उतरला. पाप, वंश, बाधा यांवर माझा विश्वास नव्हता. काकांचा पूर्ण होता, आणि मला तेवढे पुरेसे होते.

"आता या ताटावर सवाष्ण बसवा," मी म्हणाले, "आणि नेमाप्रमाणे तिचे पाय धुवा."

बोलावलेल्या बायकांपैकी कोणी हलली नाही. मग काकू स्वयंपाकघरातून आल्या, पदराला हात पुसले आणि चौथ्या ताटावर जाऊन बसल्या.

"ऊठ! का करून राह्यली?"

"वाढलेलं ताट आज तसंच ठेवत नाई," काकू म्हणाल्या. "पाणी आना."

"बायकोचे पाय धुवू मी?" काकांनी इकडे-तिकडे पाहिले. मागून कोणीतरी फिसकन हसले. या वेळी ते हसणे आमच्यावर नव्हते.

"माहे नाई धुवून राह्यले तुमी. तिचे धुवून राह्यले." मग काकूंनी मान वळवून हाक मारली, "भाऊजी, पोत्यापाशी काऊन बसले? इकडं सामने या."

वडील पुढे आले. काकांनी पाय धुतले. वाकताना त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागला. मी नजर वळवली नाही. पणजीच्या नावाच्या हिरव्या बांगड्या काकूंनी स्वतःच हातात चढवल्या.

निघताना काका फाटकापर्यंत आले. इतक्या वर्षांत ते आम्हाला पोचवायला कधी आले नव्हते.

"बाई, साल तं तू सांगतलं. दिवस सांग नं. तिथी काढून क्रिया करून टाकतो."

"दिवस माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "आधी एवढे म्हणा की तुमच्या आजोबांना सारे ठाऊक होते. आत, सगळ्यांसमोर म्हणा."

त्यांनी ओसरीकडे पाहिले. जावई अजून तिथेच उभे होते. काकांनी फाटकाची कडी लावली.

गाडीत वडील म्हणाले, "सांगून देल्ला असता दिवस, तं तुहं का बिगडलं असतं?"

"पणजोबांनाही पाणी मिळू नये असे मला वाटते, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि या वेळी ते हसले नाहीत. काकांना मी तो दिवस सांगितलेला नाही. विचारणारी दोन पत्रे आली, दोन्हींत ते एक वाक्य नव्हते.

त्या नवमीच्या संध्याकाळी सिंदीच्या घरी मी साऱ्या नोंदींचा तक्ता पुरा केला. पुतळ्याचे दहन : १८८८. पणजीचा मृत्यू : १९००. पणजोबांचा मृत्यू : १९११. एकच रकाना उरला होता, पणजी खरोखर विधवा होती तो काळ. मी टाकाला शाई घेतली आणि लिहिले : ०.