जमिनीवरून उठणं

नाव सुटायची वेळ झाली तरी आबा गाडीतून उतरले नाहीत. सारंगखेड्याला तापी तेव्हा नावेतून ओलांडायची, पलीकडे दोंडाईचा स्टेशन गाठायचं आणि तिथून सुरतेकडची गाडी धरायची. लोणखेड्याहून मला घेऊन आलेल्या बैलगाडीत माझे वडील नदीकडे पाठ करून बसून होते. माय तेवढी पाण्यापर्यंत आली. म्हणाली, "जाय. मांगे देखू नको." मी पाहिलंच. आबांनी मात्र पाहिलं नाही.

मी अमेरिकेला निघाले याचा त्यांना राग नव्हता. राग माझ्या कामाचा होता. मुंबईला मी फिजिओथेरपी शिकले आणि पोलिओ-लकव्याच्या वॉर्डात नोकरीला लागले, तोवर पोर डॉक्टरकीतलंच काहीतरी करते अशी त्यांची समजूत होती. मग गावातलं कोणीतरी हॉस्पिटलात आलं आणि एका गिरणी कामगाराची मांडी धरून मी त्याला व्यायाम देताना पाहून गेलं. त्या दिवसापासून लोणखेड्यात मी मालिशवाली झाले. ठरत आलेली दोन स्थळं परत गेली. आबांनी नोकरी सोडायला सांगितलं. मी पुढच्या पदवीसाठी अर्ज केला आणि शिकागोच्या एका हॉस्पिटलात नोकरी करता करता मास्टर्सला प्रवेश मिळवला.

तुम्हा लोणखेड्याच्या मंडळींपैकी जे माझ्यासारखे बाहेर गेलेत, त्यांना तिथली थंडी सांगायला नको. दिवसा शिफ्ट, संध्याकाळी वर्ग, आणि डब्यात तिखटाशिवाय सगळं. खोलीवर भाकरी थापायला गेले तर घरमालकीण धूर झाला म्हणून धावत आली. तरी मी थापत राहिले.

थिसिससाठी मी विषय घेतला तो लुळ्या पायांच्या माणसानं जमिनीवरून उठण्याचा. विभागप्रमुख बाईंना तो विषयच वाटेना. पेशंट खुर्चीतून उठला, कुबड्या घेऊन दारापर्यंत गेला, की त्यांच्या लेखी काम संपलं. मी म्हणाले, माझ्या गावात आमच्या घरी खुर्ची एकच आहे आणि ती तलाठ्यासाठी ठेवलेली आहे. माणसं जेवतात खाली, झोपतात खाली, परसाकडला बसतात खाली. खालून उठता आलं नाही तर त्यांना बरं झालं कसं म्हणायचं? बाईंनी विचारलं, म्हणजे तू परत जाणार आहेस? मी म्हणाले, त्याचा थिसिसशी काही संबंध नाही. त्यांना पटलं की त्या कंटाळल्या, कोण जाणे. विषय मंजूर झाला.

थिसिस अर्धाही झाला नव्हता तेव्हा धाकट्या भावाचं, भगवानचं, पत्र आलं. आबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात, डावा पाय गेला होता. ताई, निघून ये, असं त्यानं लिहिलं होतं. गेले असते तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर तिथं राहण्याची परवानगी आणि पदवीही. मी गेले नाही. कूस कशी बदलायची, हात कसा हलवत ठेवायचा, ते सगळं भगवानला लिहून कळवलं. त्यानं काही आठवडे केलं, मग कापूस वेचणीला आला. गावात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातलेच काहीजण ते बोलले होते. मी रोज दुसऱ्यांच्या बापांना चालवत होते आणि माझा बाप लोणखेड्यात पडून होता. पण निर्णय माझा होता, आणि आज कोणी विचारलं तरी मी तोच घेईन.

पदवी हातात पडल्यावर रजा काढून आले. आबा खाटेवर होते. डावी मूठ मिटून घट्ट झाली होती. मी त्यांची मांडी धरली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, पण पाय ओढून घेतला नाही. सगळा उन्हाळा मी त्यांना जमिनीवर बसवलं आणि उठवलं. चांगला गुडघा कुठं टेकवायचा, भार कोणत्या हातावर घ्यायचा, पडले तर पुन्हा. ते शिव्या देत, मी मोजत राही. पाऊस लागायच्या सुमारास ते आपले आपण उठले आणि पुन्हा सगळ्यांच्या पंगतीला खाली बसून जेवू लागले. मूठ मात्र कायमची मिटलेलीच राहिली.

एकदा जेवताना माझी चुलती त्या मुठीकडे पाहत म्हणाली की ही वेळेवर आली असती तर हात वाचला असता. मी म्हणाले, कदाचित वाचला असता. मग आबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "तवय उनी असती तं निस्ती रडती. आते शिकीसन उनी."

शिकून आली, माझ्या कामाबद्दल ते एवढंच बोलले. मला तेवढं पुरलं.

मी शिकागोला परतले आणि तिथलीच झाले. काही वर्षांनी आबा गेले. मी दिवसांना आले होते, तेव्हा भगवाननं जमिनीवरचा माझा हक्क सोडल्याचे कागद पुढं केले. मी सही केली नाही. तो रागावला नाही, खरोखरच गोंधळला. एवढ्या लांब राहणाऱ्या बहिणीला तापीकाठच्या केळीच्या रानाचं काय?

"तुले काय करनं शे जमीननं, ताई?"

"काय बी नही," मी म्हणाले. "तूच कस, तूच खाय. पन नाव ऱ्हावू दे. मी बी आठलीच शे, ह्याच गावनी."