खंड्याचं बीळ आणि लाल पाटी

पाखराकडे बघताना मोठ्याने श्वास घेणं हासुद्धा उद्धटपणा, असं मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला आणि तो माझा साडू होता. महाळुंग्याच्या एका कारखान्यात, गाड्या रंगवायच्या विभागात, त्यांनी तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला, कंपनीचे जाडजूड बूट घालून, पिंपळे सौदागरच्या नदीकाठच्या बागेत हजर झाले. मी पुस्तकांतला माणूस. मला ते 'मास्तर' म्हणत आणि ओढून सोबत नेत.

पाखरांनाही त्यांनी शिफ्ट लावून दिली होती. वंचक पहिल्या शिफ्टचा, बगळे जनरलचे. खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा दिसला की म्हणत, ओव्हरटाइम करून आलाय बिचारा, बोलू नका त्याच्याशी. जसा काही मी बोलणारच होतो. बागेतल्या हास्यक्लबच्या गडगडाटाने टिटवी उठते, म्हणून त्यांनी त्या मंडळींना हात जोडून विनवलं की हसा, पण आवाज बंद ठेवून हसा. आश्चर्य म्हणजे ती मंडळी आठवडाभर तशी हसली. पंधरा-वीस वडीलधारी माणसं आकाशाकडे हात करून, तोंडं उघडून, निःशब्द उभी. टिटवी ते बघूनच उडाली.

खंड्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्यासमोर ते टोपी काढत. उन्हात त्याची पाठ चमकली की माझंही वाचलेलं सगळं विसरायला होई. साडूभाऊ म्हणत, "मास्तर, तीस वर्षांत असा निळा आमच्याकडं एकदाही निघाला नाही. आणि याला ना भट्टी, ना दुसरा हात."

गेल्या उन्हाळ्यात बागेच्या टोकाला, मातीच्या उभ्या काठात, खंड्याच्या जोडीने बीळ केलं. आत पिल्लं. नेमका तोच काठ सपाट करून पायऱ्या बांधायचं ठरलं होतं. एका सकाळी जेसीबी आला. मला वाटलं, साडूभाऊ माझ्याकडून अर्ज लिहून घेतील. ते घरी जाऊन कारखान्यातली लाल पाटी घेऊन आले. 'आत माणूस काम करत आहे. यंत्र चालू करू नये.' दुरुस्तीला आत उतरणारा ती स्विचला लावतो. ज्याने लावली त्यानेच काढायची, मालक आला तरी हात लावायचा नाही. खाली स्वतःचं नाव लिहून त्यांनी ती बिळाशेजारी काठी रोवून टांगली.

जेसीबीचा ड्रायव्हर माणचा, पूर्वी चाकणला कंपनीत राबलेला. पाटी वाचून तो खाली उतरला.

"काका, आत कोण हाय?"

"तीन पिल्लं. आईबाप धरून पाच जण कामावर आहेत."

तेवढ्यात खंड्या चोचीत मासोळी घेऊन आला आणि सरळ बिळात शिरला. ड्रायव्हर बघत राहिला. मग ठेकेदाराला फोन करून त्याने सांगितलं की हितं टॅग लागलाय, मी दुसऱ्या टोकाकडनं सुरुवात करतो.

पाटी लावल्यापासून नवव्या दिवशी साडूभाऊ झोपेतच गेले.

तेराव्यानंतर मी बागेत गेलो तर सगळा काठ सपाट झालेला आणि मधे मातीचा एकच ढेपसा, पाटीसकट, उभा. ड्रायव्हर म्हणाला, पिल्लं परवाच उडाली, मी डोळ्यांनी बघितली. पण काका न्हाईत, आता पाटी कुणी काढायची? ठेकेदार रोज शिव्या घालत होता. माझाही हात पुढे होईना.

दुसऱ्या दिवशी मी मेहुणीला घेऊन गेलो. नवऱ्याच्या हयातीत ती कधी नदीवर आली नव्हती. पाखरं बघायची तर गच्चीवरची कबुतरं काय वाईट, असं तिचं म्हणणं. बिळापाशी ती वाकली, आत डोकावली आणि ड्रायव्हरकडे वळली.

"सगळे बाहेर आलेत ना नक्की?"

"व्हय मावशी. पाची जण."

तिने पाटी सोडवली, नावावरची माती पदराने पुसली आणि म्हणाली, "हं. कर चालू."

तो बराच वेळ चालू करीना.