फाटकावर बंद केलेलं इंजिन

डिझेलचं इंजिन चावी फिरवून बंद होत नाही. निदान आमचं होत नसे. डॅशबोर्डच्या खाली एक काळी मूठ होती, तिला तार जोडलेली. ती मूठ ओढून धरायची. मग इंजिन एकदा अंग झटकायचं आणि गप्प व्हायचं. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे मी थापा मारतेय अशा नजरेने बघतात. बघू देत. मूठ ओढायचं काम बाबांचं होतं आणि मला त्याच मुठीबद्दल सांगायचंय.

आम्ही वसईकडचे, वटारच्या बाजूचे वाडीवाले. केळी, मोगरा, थोडी भाजी, आणि या सगळ्याला पाणी पाजणारी एक विहीर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती. आईचा आजार हाडांत उतरला होता. कमरेत आणि डाव्या मांडीत. दर आठवड्याला तिला शेक द्यायला मुंबईच्या इस्पितळात न्यावं लागायचं. शेक म्हणजे यंत्राखाली झोपवून किरण सोडतात तो. तिला बसवत नव्हतं, उभं तर राहवतच नव्हतं, म्हणून बाबांनी वसईतल्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. छोटी, चार दारांची, पेट्रोलवर चालणारी. पेट्रोल काही परवडेना. तेव्हा मामा म्हणाला, "डिझेलचं इंजिन बसवून टाका, भावजी. डोक्याचा ताप जाईल." मामाला सगळ्यातलं सगळं कळायचं, फक्त त्याचं स्वतःचं कधी धड झालं नाही.

बाबांना ते लगेच पटलं. "विहिरीवर इतकी वर्षं डिझेलच चालवतोय मी. त्यात काय मोठं?" असं म्हणाले.

इथेच चुकलं. विहिरीवरचं इंजिन सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी आवळलेलं होतं. ते सुरू झालं की चौथरा थरथरायचा. आम्ही मुलं त्यावर तळवे टेकून बसायचो, हात बधिर झाले की एकमेकांना चिमटे काढून बघायचो. बाबांच्या लेखी थरथरणारं इंजिन म्हणजे तब्येतीत असलेलं इंजिन. पण विहिरीच्या चौथऱ्यावर कोणी आजारी माणूस झोपत नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

स्टेशनजवळच्या एका मिस्त्रीने इंजिन बसवलं. चार सिलिंडर, दीड लिटरच्या आतबाहेर, ताकद चाळीसेक घोड्यांची. त्यातले निम्मे घोडे आजारी असावेत. पेट्रोलच्या इंजिनापेक्षा ते बरंच जड होतं, त्यामुळे गाडीचं नाक खाली गेलं आणि पुढच्या स्प्रिंगा बसल्या. सकाळी सुरू करताना आधी हीटर लावायचा, समोरची तार लालबुंद होईपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर. घाई केली की पांढरा धूर आणि बाबांच्या शिव्या. टाकीतलं डिझेल तळाला गेलं की नळीत हवा शिरायची. मग बॉनेट उघडून, स्क्रू सैल करून, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत हाताने पंप मारत बसायचं. बाबांच्या सगळ्या शर्टांना डिझेलचा वास लागला. रविवारी चर्चमध्ये मिस्साला आमच्या बाकावर बसायला लोक नाराज असायचे.

हे सगळं चाललं असतं. थरथर चालली नाही.

पहिल्या दिवशी आईला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि दारांच्या काचा खडखडायला लागल्या. आरशात बाबांचा चेहरा दोन-दोन दिसत होता. आईच्या हातात रोझरी होती, तिचे मणी बोटांतून सुटायला लागले. स्टेशनजवळच्या रेल्वे फाटकावर आम्ही अडकलो. फाटक बंद, इंजिन चालू, गाडी जागच्या जागी हलतेय. तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे हाडात शिरतंय."

एवढंच म्हणाली. बाबांच्या मानेवर घाम आला, तो मला मागून दिसला.

त्यानंतर बाबांनी दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल. मिस्त्रीकडे गेले तर तो म्हणाला, "डिझेल आहे काका, हलणारच. हलायचं थांबलं तर माझ्याकडे आणा." इंजिनाखालचे रबर बदलले. इंजिनातून ऑइल गळायचं, ते रबरांवर पडून रबर फुगायचे आणि महिन्याभरात फाटायचे. पुन्हा बदलले. नोझल साफ करून आणले, एक सिलिंडर नीट पेटत नव्हता तो पेटायला लागला, थरथर थोडी कमी झाली, पुन्हा वाढली. आईच्या खाली कापसाची गादी घातली, तिच्याखाली पेंढ्याची पोती. नाकी नऊ आले. आई रोज संध्याकाळी विचारायची, "झालं का हो काही?" आणि बाबा म्हणायचे, "होतंय."

मग एकदा येताना हमरस्त्यावर आई झोपली. गाडीत ती कधी झोपायची नाही. मी बाबांच्या खांद्याला हात लावून खुणेने दाखवलं. त्यांनी काट्याकडे बघितलं. पंचेचाळीस आणि पन्नासच्या मधे काटा होता. त्या वेगात इंजिनाची आणि गाडीची कशी कोण जाणे, पण दिलजमाई व्हायची. काचा गप्प, आरशात बाबा एकच. थोडं वर गेलं की थरथर, खाली आलं की थरथर. त्या दिवसापासून बाबा तेवढ्यातच चालवायला लागले. मागून ट्रक भोंगे मारायचे, ड्रायव्हर खिडकीतून काय काय बोलायचे. बाबा ऐकूनच घ्यायचे नाहीत. एरवी कुणी ब्र काढला तर भांडायला जाणारा माणूस.

आईला पडल्यापडल्या बाहेरचं दिसायचं नाही. खाडीच्या पुलावर सांध्यांवरून चाकं जाताना धक्के बसायचे, तेव्हा ती माझी करंगळी घट्ट धरायची. धक्के थांबले की विचारायची, "संपला?" बाबा म्हणायचे, "संपला." जाताना एकदा, येताना एकदा. त्यापलीकडे त्या दोघांचं गाडीत फारसं बोलणं व्हायचं नाही.

राहता राहिलं फाटक. उभ्या गाडीत थरथर सगळ्यात वाईट. तिथे बाबा काळी मूठ ओढायचे. पण बॅटरी मूळची पेट्रोलच्या इंजिनाची, छोटी. डिझेलचं इंजिन फिरवताना तिचा जीव जायचा. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, चालू ठेवलं तर आई कळवळणार. दर वेळी बाबा मुठीवर हात ठेवून मागे बघायचे आणि मूठ ओढायचे. कधी सुरू व्हायचं, कधी लोकांना हाका मारून ढकलावं लागायचं.

इस्पितळात शेवटच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता शेकाचा उपयोग नाही, घरी न्या. बाबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "बाय, तिच्या तोंडावर ऊन येईल, तू उजव्या बाजूला बस." आम्ही निघालो. काटा पंचेचाळीसच्या जरा वर.

पूल यायच्या आधीच तिचे मिटलेले ओठ सैल सुटले होते. पुलावर पहिला धक्का बसला आणि माझी करंगळी कुणी दाबली नाही. दुसरा बसला. तिचा हात माझ्या हातात नुसता पडून होता. मला कळलं. मला काहीच झालं नाही. मी तिच्या गालावरची माशी हाकलली आणि बाहेर पाण्याकडे बघत राहिले. बाबांना सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर त्यांनी गाडी थांबवली असती, आणि ती थांबली की थरथर सुरू झाली असती. एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. त्यावर दुसरा विचार आला नाही.

धक्के थांबले तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, "संपला." कोणी विचारलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सवय.

फाटक बंद होतं. बाबांनी गाडी रांगेत उभी केली, मुठीवर हात ठेवला, मागे बघितलं आणि मूठ ओढली. इंजिनाने अंग झटकलं, गप्प झालं. मालगाडी आली, ती जाता जात नव्हती. फाटक उघडल्यावर स्टार्टर नुसता टक टक करत राहिला. बाजाराहून परतणारे चारपाच जण टोपल्या खाली ठेवून आले. एकाने विचारलं, "हवा धरली काय?" बाबा म्हणाले, "बॅटरी." त्यांनी मागून हात लावले. एकाने काचेतून आत डोकावलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "आजारी मानूस झोपलाय आत. हळू ढकला."

त्यांनी हळू ढकललं. त्यामुळे इंजिन लागायला जास्तच वेळ लागला.

घरी अंगणात आल्यावर मावशीने गाडीचं दार उघडलं आणि ती ओरडली, तेव्हा ते सगळ्यांना कळलं. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. चर्चची घंटा झाली, फादर आले, माती दिली. मला रडू आलं नाही, आणि ते पुष्कळ बायकांना खटकलं. एकीने तर माझ्या तोंडावर म्हटलं, "दगड आहेस गं." असेन. मी तिला चहा दिला.

काही आठवडे गेले. गाडी गोठ्याच्या कडेला उभी होती, तिच्याकडे कोणी जात नव्हतं. एका सकाळी विहिरीवरच्या इंजिनाच्या नळीत हवा शिरली म्हणून बाबा स्क्रू सैल करून बसले होते. मी चौथऱ्यावर बसले होते. डिझेलचा फेस बाहेर येत होता. मला ते विचारायचंच होतं, म्हणून विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पुलावर. विचारलं नाही ना तिने."

"मग फाटकावर इंजिन बंद कशाला केलंत? बॅटरी बसलीय हे माहीत होतं ना तुम्हाला?"

बाबांनी स्क्रू आवळला, हात फडक्याला पुसले. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"तिला ती थरथर सोसत नाही गं," म्हणाले.

मग त्यांनी हँडल हातात घेतलं. इंजिन लागायच्या आधी मी चौथऱ्यावरून उठले.