निवटा सापडेपर्यंत

आमच्या पनवेलच्या लॅबमध्ये धुळीला सक्त बंदी आहे, त्यामुळे साचतात ते किस्सेच. आता सगळं सुखरूप पार पडलंय, म्हणून निवांत सांगते.

आमची दर्शना उरणची, मासेमारी करणाऱ्या घरातली. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटा माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात कोणतं प्रथिन असतं, हा तिचा पीएचडीचा विषय. निवटे तिचे बाबा पकडून देतात. जेल नावाच्या जेलीसारख्या पातळ पापुद्र्यावर प्रथिनांच्या निळ्या पट्ट्या उमटल्या की हवी ती कापायची, रंग जाईपर्यंत धुवायची, सुकवायची आणि ट्रिप्सिन नावाच्या एंझाइममध्ये रात्रभर उबेत ठेवायची. ट्रिप्सिन प्रथिनाचे बारीक तुकडे करतं. ते मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायचे, म्हणजे तुकड्यांच्या वजनावरून मशीन प्रथिन ओळखतं. मशीन मात्र दुसऱ्यांचं, त्यामुळे पाळी लागेल तेव्हा.

* * *

पहिला रिपोर्ट आमच्या गाईड मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"दर्शना, हे केराटिन आहे. केसांतलं, कातडीतलं. आणि माणसाचं."

"म्हणजे?"

"निवटा नाही सापडला. तू सापडलीस!"

* * *

मग टोप्या आल्या, मास्क आले, हातमोज्यांवर हातमोजे आले. आमच्या लॅबमधल्या समीरची दाढी झुबकेदार. मॅडम तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी गडी गुळगुळीत. त्याचं लग्न नुकतंच ठरलेलं. संध्याकाळी त्याने होणाऱ्या बायकोला कामोठ्याला व्हिडिओ कॉल लावला, तर ती अदबीने म्हणाली, "जरा समीरला फोन देता का?"

* * *

सुकलेला जेलचा तुकडा साबुदाण्याएवढा आणि अगदी हलका. दर्शनाने ट्यूबचं झाकण उघडलं, कोणीतरी पंखा लावला आणि तुकडा गेला. आम्ही तिघं जमिनीवर रांगत असताना मॅडम आत आल्या.

"काय हरवलंय?"

समीर टेबलाखालून म्हणाला, "दर्शनाची पीएचडी."

नवीन तुकडा कापावा लागला.

* * *

दुसऱ्या रिपोर्टमध्येही केराटिन. या वेळी मेंढीचं.

"आपल्यात लोकर कोण घालतं?" दर्शनाने विचारलं. एसीत बारा महिने शाल पांघरून बसणाऱ्या मॅडमनी ती हळूच काढली, घडी केली आणि गाडीत ठेवून आल्या. पुन्हा कधी दिसली नाही.

* * *

आता मशीनवर एकच पाळी उरली होती. तीही वाया गेली, तर दर्शनाला विषय बदलून पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. ती जेवेना, हसेना. पूर्वी तिच्या डब्यातल्या निवट्यांच्या कालवणावर आमच्या उड्या पडायच्या. आता रोज दुधी.

"श्रावण पाळतेस का?" मी विचारलं.

"नाय गो. बाबा निवट्यांना हात लावू देत नाय. पिंपात जिते ठेवलेत, परत लागले तर म्हणून."

* * *

तिसरा रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी स्क्रीनच तिच्याकडे वळवली. पहिल्याच ओळीत निवट्याचं प्रथिन! दर्शना खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. माझेही डोळे भरून आले, काय लपवायचं. मग तिने स्पीकरवर घरी फोन लावला.

"बाबा, सापडला. आपलाच हाय. आता विषय बदलायचा नाय."

पलीकडून बाबांनी लगेच विचारलं,

"मंग पिंपातले आता रांधू ना? तुजी आय कवाची वाटण वाटून बसलीय."