वहीतला धाकटा

आमच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसून कपडे अल्टर करणाऱ्या बाईंना आम्ही सगळे टाचणीताई म्हणायचो. अंगाने त्या टाचणीसारख्या मुळीच नव्हत्या, चांगल्या भरलेल्या होत्या. पण ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं जेमतेम. गिऱ्हाइकाने काही विचारलं की "हं", "परवा", "होईल", एवढ्यावर भागायचं. मी पुढे काउंटरवर. कपडे घ्यायचे, चिठ्ठी फाडायची, अर्धी कपड्याला लावायची, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात. एकोणीस वर्षं मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसत होते आणि मला त्यांच्याबद्दल इतकंच ठाऊक होतं की नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, तो वारला, आणि मुलगी लांबच्या शहरात असते.

त्याच खोलीत आमच्यातला तिसरा माणूस म्हणजे इस्त्रीवाला. त्याचं तोंड कधी बंद नसायचं म्हणून तो रेडिओ. त्याच्या सुनेने त्याच्या मोबाइलवर काहीतरी लावून दिलं आणि एका सकाळी तो वाफेच्या इस्त्रीच्या फुसफुसाटातून ओरडला, "वहिनी, पॉडकास्ट ऐकता का?"

"पोटकास्ट?" मी म्हटलं. "पोटाचं काही आहे का?"

"पोटाचं नाही हो, मनाचं! आपल्याच गावातली एक बाई करते. लोकांकडे जाते, बसते, बोलतं करते."

आणि खरंच, ती बाई कुठे कुठे जायची! दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली होती. दोनच वाचक येतात तरी रोज वेळेवर वाचनालय उघडणाऱ्या बाईंकडे गेली होती. कधी कुणी हाताने काय घडवतं त्याबद्दल, कधी झोप न येणाऱ्यांबद्दल, कधी माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांबद्दल. रेडिओ आवाज फुल्ल करून ऐकायचा, त्यामुळे आम्हालाही ऐकावंच लागायचं. टाचणीताई पहिले आठ-दहा दिवस मान वर करत नव्हत्या. नसत्या पंचायती, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

मग एका भागात एक शिंपी आला. पँटच्या मोरीला, म्हणजे पायाच्या खालच्या घडीला, आपण अशी हातशिलाई घालतो की बाहेरून एक टाका दिसत नाही, असं तो सांगत होता. टाचणीताईंनी ओठांतल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या.

"थापा मारतोय," त्या म्हणाल्या. "काळ्या कापडावर नाही दिसत. पांढऱ्यावर घालून दाखव म्हणावं!"

रेडिओने इस्त्री उभी करून ठेवली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःचे इअरफोन घेतले. रेडिओने त्यांच्या मोबाइलवर सगळं लावून दिलं, आणि मशीन चालवता चालवता त्या दिवसभर ऐकायला लागल्या. नवे भाग संपले तसे जुने काढून ऐकू लागल्या. आणि बोलायला लागल्या, हे मोठं नवल. रोज आपल्याला बरं वाटलेल्या तीन गोष्टी आठवाव्यात, असं एका भागात सांगितलं होतं. संध्याकाळी पर्स उचलताना त्या बोटांवर मोजत सांगायच्या, "चहा फक्कड झाला होता. जाकिटाची चेन एका दमात बसली. आणि रेडिओचा घसा बसलाय." एकदा मला म्हणाल्या, "अगं, माणसं किती सहज बोलतात गं. आमच्या घरात कुणी असं बोललंच नाही."

तो गुरुवार होता. साडेअकराचा सुमार. मागच्या मशीनचा आवाज थांबला. असा तो थांबायचाच, दोरा तुटला, बॉबिन संपलं, की दोन मिनिटं शांतता. पण दोनाची दहा झाली म्हणून मी आत डोकावले. सुई एका राखाडी कोटाच्या बाहीत रुतलेली, ताईंचा हात चाकावर तसाच. एक इअरफोन कानात होता. दुसरा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"ही माझी मुलगी आहे," त्या म्हणाल्या.

एका वायरीत डोकी घालून आम्ही दोघींनी ऐकलं. गाव सोडून गेलेल्या माणसांशी त्या बाईने गप्पा मारल्या होत्या, त्यातला हा सात-आठ महिन्यांपूर्वीचा भाग. ताईंची मुलगी आता हॉस्पिटलातल्या आजारी मुलांकडून चित्रं काढून घेते. हे काम कसं सुरू झालं, असं त्या बाईने विचारलं होतं. मुलीचा आवाज शांत होता. शाळेत धडा वाचून दाखवावा तसा.

"मी अकरा वर्षांची असताना माझा भाऊ गेला," ती सांगत होती. "पाच वर्षांचा होता. ताप आला आणि तीन दिवसांत गेला. मग मी त्याची चित्रं काढायला लागले. विसरायला होईल अशी भीती वाटायची. शंभर पानी वही होती, निम्मी भरली. झोपलेला, दात पडलेला, रुसलेला. एक दिवस शाळेतून आले तर आई ती वही फाडत होती. एकेक पान. मी म्हटलं, आई, तो आहे त्यात. ती म्हणाली, परत काढशील तर याद राख. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं नाही आणि मी पेन्सिल धरली नाही. पंधरा वर्षं."

"आईशी यावर कधी बोललात?"

मुलगी हसली. ते हसणं ऐकून ताईंनी डोळे मिटले. "नाही. दर रविवारी आमचा फोन असतो. गुडघे कसे आहेत, गोळ्या घेतल्या का, पाणी आलं का. मी तिला दोष देत नाही. ती हे ऐकणारही नाही, तिला असलं काही माहीत नाही."

भाग संपला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या रडतील. पण त्या अगदी गोंधळलेल्या दिसत होत्या, चुकीच्या पत्त्यावर उभ्या असल्यासारख्या.

"कसली वही?" त्या म्हणाल्या. "मला कसलीच वही आठवत नाही गं."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला. मुलगा गेल्यावर ती पाच महिने त्यांच्याकडे राहिली होती. बोलणं झालं आणि फोन मांडीवर ठेवून त्या मला सांगू लागल्या. "अक्का म्हणते, फाडलीस. मी होते तिथे. म्हणते, तू चार-पाच महिने माणसात नव्हतीस. भाताला बस म्हटलं की बसायचीस, ऊठ म्हटलं की उठायचीस. पोरीची वेणी मीच घालत होते, म्हणते." "मला तो ताप आठवतो. तिसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. मग एकदम पुढच्या वर्षीचं आठवतं, मी इथे कामाला लागले ते. मधलं काहीच नाही."

"मग तुमचा काय दोष, ताई?" मी म्हटलं.

"त्याचा एकच फोटो आहे," त्या म्हणाल्या, जणू मी बोललेच नव्हते. "त्यातही त्याने मान हलवली. नुसता पांढरा फराटा आलाय तोंडाच्या जागी. आणि हिने पन्नास पानं काढली होती."

रेडिओने त्या दिवशी मोबाइल बंद ठेवला. इस्त्री चालवत राहिला.

रविवारच्या फोनवर काय झालं ते ताईंनी मला सोमवारी सांगितलं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की माफी मागायची. गुडघे झाले, गोळ्या झाल्या, आणि त्या म्हणाल्या, "मी ऐकलं तुझं, पॉडकास्टवरचं."

मुलीने विचारलं, "कुणी ऐकवलं?"

"मीच ऐकलं. मी रोज ऐकते. वहीचं माझं चुकलं, बाळा. फार चुकलं."

"तुला आठवतं ते?"

आणि इथे ताई खोटं बोलल्या. आठवत नाही म्हटलं तर पोरीला आणखी लागेल, असं वाटलं त्यांना. "आठवतं ना," त्या म्हणाल्या. "सगळं आठवतं."

"मग सांग, वहीवर काय होतं?"

"वहीवर?"

"मी पॉडकास्टवर सांगितलं नाही ते. पहिल्या पानावर मी काय लिहिलं होतं? तू ते वाचलंस, मोठ्याने वाचलंस, आणि मग फाडलंस. काय होतं ते?"

मुलगी म्हणाली, "तुला आठवत नाही. आई, मी तेवीस वर्षं तो दिवस उचलून चालले आणि तुझ्याकडे तो नाहीच." तिचा आवाज चढला नव्हता, ताई म्हणाल्या. चढला असता तर बरं झालं असतं. तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताईंनी लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. त्यांनी इअरफोन ड्रॉवरमध्ये टाकले. ओठांत पुन्हा टाचण्या आल्या. काम मात्र चुकायला लागलं, आणि हे एकोणीस वर्षांत कधी झालं नव्हतं. एका गिऱ्हाइकाची पँट एका पायाला दोन इंच आखूड झाली. ते काउंटरवर येऊन तोंडाला येईल ते बोललं. मी निस्तरलं. आत गेले तर ताई ती मोरी उसवत बसलेल्या.

"त्याला मी दोनदा घालवलं गं," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्यांदाचं तर मला माहीतसुद्धा नव्हतं."

मी त्यांच्या हातून पँट घेतली आणि उरलेले टाके मी उसवले.

सहाव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, काउंटरवर एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीच्या आतली, खांद्याला कापडी पिशवी. मी सवयीने चिठ्ठीपुस्तक ओढलं.

"कपडे नाहीत," ती म्हणाली. "आई आहे का?"

आवाजावरून ओळखलं मी. आत नेलं. ताई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. दोघींनी एकमेकींना हात लावला नाही. रेडिओ इस्त्री बंद करून "चहा सांगून येतो" म्हणत बाहेर पडला. मी पण निघाले तर ताईंनी माझा दंड धरला. म्हणून मी दारात उभी राहिले. पुढे काउंटरकडे एक डोळा ठेवून, पण कान सगळा आत.

"मी भांडायला नाही आले," मुलगी म्हणाली. "मावशीचा फोन आला होता. तू तेव्हा कशी होतीस ते मला माहीत नव्हतं. मी अकरा वर्षांची होते, मला वाटायचं तू रागावली आहेस."

"ते कारण नाही," ताई म्हणाल्या. "मी ते कारण म्हणून सांगणार नव्हते तुला. पान फाडणारे हात माझेच होते ना?" मग त्या म्हणाल्या, "पहिल्या पानावर काय लिहिलं होतंस?"

मुलीने खाली पाहिलं. "लिहिलं होतं, हा परत आला तर त्याला दाखवायची वही."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. रडल्या, पण आवाज न करता, पदर तोंडात धरून. मुलगी त्यांच्या खांद्याजवळ उभी राहिली. हात उचलला, तसाच अधांतरी ठेवला, आणि मग टेकवला.

बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या, "एक मागू? काढून देशील मला तो? एकदाच. मला त्याचा चेहरा बघायचाय."

कटिंगच्या टेबलावर आम्ही मापं काढायला खाकी कागदाची गुंडाळी ठेवतो. मुलीने हातभर कागद फाडून घेतला, पिशवीतून पेन्सिल काढली आणि बसली. तिचा हात सफाईने चालत होता. काढलं, पाहिलं, खोडलं. बाजूला दुसरा चेहरा काढला. तिसरा. ताई वाकून बघत होत्या.

"हा नाही," त्या म्हणायच्या. "गाल असे नव्हते." किंवा नुसतंच, "नाही."

"माहितीये नाही ते!" मुलगी एकदम म्हणाली. सातवा-आठवा असेल. पेन्सिल तिने टेबलावर ठेवली. "हे माझ्या वॉर्डातले आहेत, आई. हा चार नंबरच्या खाटेवरचा. हा गेल्या महिन्यात घरी गेला तो. मी त्याला काढते आणि हीच पोरं येतात. मला तो दिसतच नाही आता."

दोघी त्या कागदाकडे बघत राहिल्या. भर दुपारची वेळ, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवत होतं. मी हलले नाही.

मग ताईंनी बोट टेकवलं, पाचव्या की सहाव्या चेहऱ्यावर. "कान," त्या म्हणाल्या. "कान असे होते का गं? थोडे बाहेर आलेले?"

मुलीने डोळे पुसून पाहिलं. "हो," ती म्हणाली. "कान असेच होते. उन्हात लाल दिसायचे."

"लाल दिसायचे," ताई म्हणाल्या.

घंटी पुन्हा वाजली. मी पुढे गेले, एका माणसाचे चार शर्ट घेतले, चिठ्ठी फाडली. परत आले तेव्हा ताई तो कागद कात्रीने कापत होत्या. आमची मोठी कात्री, तिने जाड कोटाचं कापड कापतो, ती त्या इतकी जपून चालवत होत्या की पातीचा आवाजही येत नव्हता. कान सोडून बाकी सगळं कापून काढलं. उरला तो नख-दोन नखांएवढा तुकडा, त्यावर एक कान. मुलगी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. तो तुकडा ताईंनी स्वतःकडे ठेवला, आणि निघायच्या आधी मुलीने तसाच दुसरा कान कागदावर काढून आपल्या पिशवीत घातला.