टॅबवाल्याची फाइल

कोडची ओळ आत सरकवायला टॅब दाबायचा की चार स्पेस द्यायच्या, यावरून पुण्याच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी मी चार वर्षं भांडलो. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, तरी भांडलो. तो टॅबवाला. चिडलो की माझ्या तोंडून घरची बोली निघायची, "तुले अक्कल नाई!" तो हसायचा आणि माझ्या डब्यातली चटणी संपवायचा.

आता मी हिंगणघाटला घरूनच काम करतो. तो नोकरी सोडून गेला. कुठे, ते विचारायचं राहूनच गेलं.

परवा त्याची जुनी फाइल उघडली. एक चूक दुरुस्त करून सेव्ह केली, तर कोड लिहायच्या माझ्या सॉफ्टवेअरने, एडिटरने, त्याचे सगळे टॅब काढून स्पेस भरल्या. सेटिंग माझीच. चार वर्षांचं भांडण मी एका क्षणात जिंकलो होतो, आणि ते सांगायला समोर कोणी नव्हतं.

मी टॅब परत आणले, सेटिंग बंद केली. दुरुस्तीची ओळही टॅब दाबूनच आत सरकवली आणि मोठ्याने म्हणालो, "तुले अक्कल नाई!"

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "कोन आलं रे? चहा मांडू का?"