माझ्या आवाजातला फोन

आधीच सांगून ठेवतो, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलोय. आमचं घर बौद्ध. बावीस प्रतिज्ञा वडिलांनी लहानपणीच पाठ करून घेतलेल्या. भूत, करणी, अंगात येणं... घरात कुणी नुसता विषय काढला तरी वडील ताटावरून उठायचे. त्यात मी केमिस्ट्रीवाला. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

मी बदलापूर पूर्वेला राहतो. अंबरनाथ एमआयडीसीत, मोरिवलीच्या बाजूला, एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होतो. मशीन चालू असतानाही माझी हाक दोन मजले वर जायची. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. त्यात आवाजाची नस दुखावली. असं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं, तक्रार नाही. पण डावा स्वरतंतू हलायचाच बंद झाला. बोललो की नुसती हवा. पाणी पिताना ठसका. प्लांटवर ज्याचं बोलणं ऐकू जात नाही तो काय कामाचा? मला ऑफिसात कागदांवर बसवलं. सात महिने असेच गेले.

शेवटी उल्हासनगरच्या एका ईएनटी डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं. सिंधी माणूस, मोकळा.

"दोन तंतू एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून हवा निघून जाते. डावा थोडा फुगवू, मग टेकेल. तुम्ही जागेच राहणार. लेकिन परमनंट नाही हां, काही महिन्यांनी औषध विरघळतं."

त्या दिवशी माझी बायको वैशाली माझा मोबाइल घेऊन बाहेर बसली होती. आत मला घसा बधिर करायचा स्प्रे मारला, नाकातून कॅमेरा घातला आणि समोरून मानेत सुई. स्क्रीनवर माझाच घसा मला दिसत होता.

"ई म्हणा."

हवा.

"थोडं अजून... आता?"

"ईऽऽऽ!"

आला! माझा आवाज. डॉक्टर हसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाले, "अकरा वीस. लिहून ठेवा, तुमच्या आवाजाचा बड्डे!"

बाहेर येऊन "वैशाली" म्हटलं, तर ती रडायलाच लागली. रिक्षात बसतोय तोच कंपनीतून फोन. रिअ‍ॅक्टरच्या झाकणाचं गॅस्केट फुटलं होतं, गरम माल उसळून बाहेर आला होता. गणेश भाजला होता. वयाने तिशीतला, जांभूळ गावचा ऑपरेटर. तिथूनच हॉस्पिटल गाठलं.

कॉरिडॉरमध्ये संजय बसला होता, त्याचा जोडीदार. दोघांची ड्यूटी त्याच रिअ‍ॅक्टरवर, वरच्या मजल्यावर. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मला बघून त्याने माझे दोन्ही हात धरले.

"सर, तुमचा फोन आला म्हणून वाचलो."

"कसला फोन?"

"वरच्या इंटरकॉमवर. तुम्हीच नाही का बोललात... संजय, खाली ये. आहे तसं सोड आणि खाली ये."

"अरे, मला आवाज कुठे होता?"

"म्हणून तर धावत उतरलो ना! म्हटलं, सरांचा आवाज आला! खाली पोचलो आणि वर फुटलं."

किती वाजता, विचारलं. तो म्हणाला, "अकरा वीसचं टेंपरेचर लिहीत होतो, तेव्हाच वाजला."

तेव्हा माझ्या मानेत सुई होती. मोबाइल बाहेर. आणि इंटरकॉम तर कंपनीच्या आतूनच लागतो.

गणेश तिसऱ्या दिवशी गेला.

मी चौकशी केली. शिफ्ट केबिन त्या वेळी रिकामी होती. फोन कुठून आला ते इंटरकॉमवर दिसत नाही. कुणी थट्टा केली म्हणावं, तर आता कबूल कोण करणार?

गणेशच्या दहाव्याला मी आणि संजय बाइकवरून जांभूळला निघालो. गाव जवळ आल्यावर संजयने गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढलं, पण माझ्याकडे बघेना.

"सर, एक सांगायचं राहिलंय. मी फोनवर विचारलं होतं, गणेशला पण आणू का?"

"मग?"

"तुम्ही म्हणालात... त्याला राहू दे."

कंपनीच्या जबाबात त्याने हे सांगितलं नव्हतं. मीही सांग म्हणालो नाही.

घरी गणेशची बायको भिंतीला टेकून बसली होती. मला बघून पदर सावरला.

"सायेब, संजयभाऊंना तुमचा आवाज आला बोलतात. खरं हाय का?"

"हो."

"मंग माझ्या मानसाला पण एक हाक मारायची व्हती ना..."

मी म्हणालो, "लाइन कट झाली, वहिनी." आवाज अगदी स्वच्छ निघाला.

पुढे औषध विरघळलं तसा आवाज पुन्हा बसत गेला. डॉक्टर म्हणतात दुसरं इंजेक्शन घ्या, वैशाली रोज भांडते. मी टाळतोय. माझा आवाज का गेला, का आला, हे डॉक्टर चित्र काढून समजावतात. त्या फोनचं मात्र मला आजही काही कळलेलं नाही. इथे कुणाला कळत असेल तर सांगा.

एक गोष्ट मी वैशालीलाही सांगितलेली नाही. माझा आवाज गेल्यावर एकदा कॅन्टीनमध्ये गणेशने माझी नक्कल केली होती. गळ्यावर हात ठेवून नुसती हवा सोडत, "अरे, व्हॉल्व्ह बंद करा..." सगळे हसले. मीही हसलो होतो.